गाडी एका बाजूला ओढते, खालून खडखड येते: गॅरेजात जाण्यापूर्वी करावयाची तपासणी

पावसाळा सरत आला की गोव्यातल्या गॅरेजांत दोन तक्रारी घेऊन येणाऱ्या गाड्या वाढतात. स्टिअरिंगवरची पकड सैल केली की गाडी एका बाजूला जाते, ही पहिली तक्रार. खड्ड्यावरून किंवा गतिरोधकावरून जाताना खालून खडखड किंवा ठक असा आवाज येतो, ही दुसरी. दोन्हींची उत्तरे बहुधा ठरलेली असतात. पहिलीसाठी 'अलाइनमेंट करून घ्या' आणि दुसरीसाठी 'शॉकअप गेले'. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणे आणि शॉकअप म्हणजे धक्के शोषणारे शॉक ॲब्सॉर्बर. ही उत्तरे कधी बरोबर ठरतात, परंतु ती निदान नसून अंदाज असतात आणि अंदाज चुकला तर त्याचे पैसे गाडीच्या मालकालाच मोजावे लागतात. माझ्या जुन्या गाडीचे एकाच पावसाळ्यात तीनदा अलाइनमेंट करून घेतल्यानंतरही ती डावीकडे ओढतच राहिली होती. शेवटी पुढची दोन चाके आपसात बदलली, तेव्हा ती उजवीकडे ओढू लागली आणि दोष टायरात असल्याचे उघड झाले. ही अदलाबदल अर्ध्या तासाची होती आणि ती सर्वांत आधी करायला हवी होती.

म्हणून या लेखात भर दुरुस्तीपेक्षा तपासणीच्या क्रमावर आहे. दोष नेमका कोणत्या परिस्थितीत प्रकट होतो हे आधी पक्के करावे आणि त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलून फरक पाहावा. टायर आणि लिंक रॉड (चाकांच्या आधारव्यवस्थेतली, म्हणजे सस्पेन्शनमधली, लहान जोडदांडी) बदलून त्याच दिवशी अलाइनमेंटही करून घेतले आणि गाडी सुधारली, तर नेमके काय बिघडले होते हे कधीच कळत नाही.

सुरुवात वहीपासून

गाडीच्या कप्प्यात एक लहान वही ठेवावी आणि आठवडाभर दोषाची नोंद करावी. 'पुढून आवाज येतो' ही नोंद निरुपयोगी आहे. 'सकाळी अंगणातून बाहेर काढताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवले की डाव्या चाकापाशी एकदाच टक्क होते' ही नोंद म्हणजे अर्धे निदान आहे. वेग किती होता, पाय ब्रेकवर होता की ॲक्सिलरेटरवर, वळण कोणत्या बाजूचे होते, गाडी थंड होती की तासभर चाललेली होती, आत किती माणसे होती आणि रस्ता ओला होता का, एवढ्या सहा गोष्टी प्रत्येक वेळी लिहाव्यात. ओल्या रस्त्याची नोंद वाचकाला अनावश्यक वाटेल, परंतु आपल्याकडे ती फार उपयोगी पडते. जो कुरकुरणारा आवाज जूनमध्ये आपोआप नाहीसा होतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात परत येतो, तो बहुतेक वेळा कोरड्या पडलेल्या बुशाचा, म्हणजे धातूच्या भागांच्या सांध्यात बसवलेल्या रबरी तुकड्याचा असतो, कारण पाणी त्या रबराला तात्पुरते वंगण पुरवते.

गाडी जॅकवर उचलण्याविषयी

पुढच्या काही चाचण्यांसाठी चाक जमिनीवरून उचलावे लागते, त्यामुळे हा भाग टाळून पुढे जाऊ नये. गाडीबरोबर मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर शरीराचा कोणताही भाग गाडीखाली घालू नये. जॅक स्टँड विकत घ्यावेत किंवा खालची तपासणी गॅरेजातील रॅम्पवर करून घ्यावी. आपल्या घरांभोवती चिरे सहज सापडतात आणि गाडीखाली आधार म्हणून चिरा लावण्याचा मोह होतो, परंतु जांभा दगड सच्छिद्र असतो आणि एका टोकावर भार आला की तो भसकन फुटतो. पावसात भिजलेल्या मातीच्या अंगणात जॅकचे पाऊल रुतते, म्हणून जागा काँक्रीटची किंवा फरशीची निवडावी. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, जे चाक उचलायचे नाही त्याच्या मागेपुढे लाकडी ठोकळे लावावेत आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत.

गाडी ओढते म्हणजे नेमके काय होते

एका शब्दात सांगितल्या जाणाऱ्या या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडे राहते, ही पहिली; तिचा संबंध बहुधा टो नावाच्या कोनाशी असतो (त्याचा अर्थ पुढे अलाइनमेंटच्या भागात येईल). गाडी हळूहळू, अगदी आळसावल्यासारखी डावीकडे सरकते, ही दुसरी. आणि ती अनेकदा दोष नसतेच. डांबरी रस्त्याच्या पृष्ठभागाला पाणी वाहून जावे म्हणून मधून कडेकडे उतार दिलेला असतो. तो साधारणपणे दर मीटरला दोन ते अडीच सेंटीमीटर असतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात हा उतार आवश्यकच आहे. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे प्रत्येक निरोगी गाडीसुद्धा किंचित डावीकडे झुकते. तिसरी गोष्ट म्हणजे खरी ओढ. तिच्यात गाडी सरळ ठेवण्यासाठी हाताला सतत जोर लावावा लागतो.

यातून एक सोपा ठोकताळा मिळतो. डाव्या उताराच्या रस्त्यावर गाडी उजवीकडे ओढत असेल तर दोष नक्की आहे. ती डावीकडे जात असेल तर मात्र केवळ संशय घ्यावा आणि खात्रीसाठी सपाट जागा शोधावी. मोठे रिकामे मैदान किंवा वाहनतळ मिळाला तर ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगातही खरी ओढ जाणवते. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या चौपदरी सरळ पट्ट्यावर चाचणी घ्यायची असल्यास ती पहाटे, मागे वाहन नसताना घ्यावी आणि स्टिअरिंग कधीही पूर्ण सोडू नये. बोटे सैल करून कड्याला टेकलेली ठेवली तरी पुरेसे कळते. मांडवीवरील अटल सेतू किंवा जुवारी पुलावर हा निर्णय करू नये, कारण तिथे समुद्राकडून येणारा आडवा वारा गाडीला ढकलतो. पुलावर जाताना एका बाजूला आणि परतताना दुसऱ्या बाजूला ओढणारी गाडी बहुधा निर्दोष असते.

हवा, आणि मग टायर

तपासणीची पहिली पायरी इतकी साधी आहे की ती बहुतेक जण वगळतात. पुढच्या दोन टायरांतील हवेत चार-पाच पीएसआयचा (हवेच्या दाबाचे एकक) फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला जाऊ लागते. हवेचा योग्य आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर छापलेला असतो. लहान गाड्यांसाठी तो बहुधा ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान असतो. टायरावर कोरलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, ती भरण्यासाठी नसते. हवा गाडी थंड असताना, म्हणजे किमान तीन तास उभी राहिल्यानंतर मोजावी. पेट्रोल पंपावर पोहोचेपर्यंत टायर गरम होतात, म्हणून स्वतःचा एक गेज घरी असणे सोयीचे ठरते.

हवा समान केल्यावरही ओढ राहिली, तर प्रत्येक टायर हाताने चाचपून पाहावा. एका कडेची झीज अधिक असेल तर चाकाचा कल बिघडलेला असतो. हात एका दिशेने फिरवताना नक्षी गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी लागली तर टो चुकलेला असतो. नक्षीवर थोड्या-थोड्या अंतराने खळगे जाणवले तर शॉक ॲब्सॉर्बर निकामी होऊ लागलेले असतात किंवा चाकाचे बॅलन्सिंग गेलेले असते. टायराच्या आतल्या बाजूची भिंतही टॉर्चने पाहावी. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात जोरात आपटलेल्या टायराला तिथे गळवासारखा फुगवटा येतो, आणि तसा फुगवटा दिसला तर निदान बाजूला ठेवून तो टायर लगेच बदलावा.

आता ती अदलाबदल. पुढची दोन्ही चाके एकमेकांच्या जागी लावावीत आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून पाहावी. ओढीची बाजू बदलली किंवा ओढ नाहीशी झाली, तर दोष टायरात आहे. रेडियल टायराच्या आतील पट्टे तयार होतानाच किंचित एका बाजूला सरकलेले असले की टायर शंकूसारखा वागतो आणि ज्या बाजूला त्याचा घेर लहान, त्या बाजूला गाडी नेतो; डोळ्यांना यातले काहीही दिसत नाही. ओढ जशीच्या तशी राहिली, तर टायर निर्दोष ठरतात आणि पुढची पायरी सुरू होते. टायराच्या भिंतीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर डावे-उजवे करू नये. त्याऐवजी त्याच बाजूचे पुढचे आणि मागचे चाक बदलावे.

ब्रेकची तपासणी

ब्रेकमुळे होणारी ओढ दोन प्रकारची असते आणि तिथे नवख्या माणसाची हमखास फसगत होते. ब्रेक दाबल्यावरच गाडी उजवीकडे जात असेल, तर उजवा ब्रेक नीट काम करत असतो आणि दोष बहुतेकदा डाव्या बाजूला असतो, कारण तिथला कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग, पुरेसे धरत नाही. याउलट ब्रेकवर पाय नसतानाही गाडी उजवीकडे जात असेल, तर उजवा ब्रेक धरून राहिलेला असू शकतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या खाऱ्या हवेत आणि पावसात गंजून जड होतात. कधी ब्रेकची रबरी नळी आतून फुगते, तेल जाऊ देते पण परत येऊ देत नाही, आणि मग पाय काढल्यावरही चाक पकडलेलेच राहते.

हे ओळखण्यासाठी दहा-पंधरा किलोमीटर, शक्य तितका ब्रेक कमी वापरून, गाडी चालवावी आणि थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या धातूच्या रिमजवळ हात न टेकवता उष्णता पाहावी. डिस्कला स्पर्श करू नये, ती भाजते. एक चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर ते धरून राहिलेले आहे. नंतर ते चाक उचलून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हाताने फिरवावे. किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण जोर लावावा लागता कामा नये. चोर्ला घाट उतरून केरीला पोहोचल्यावर ओढ वाढत असेल आणि गाडी थंड झाल्यावर कमी होत असेल, तर संशय ब्रेककडेच वळवावा. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर दिसणारा तांबूस गंज मात्र पहिल्या काही ब्रेकांत निघून जातो. त्याची काळजी करू नये.

आणखी एक लक्षण इथेच सांगून ठेवतो. डावे वळण घेतल्यावर गाडी डावीकडे ओढत राहते आणि उजवे वळण घेतल्यावर उजवीकडे, अशी तिची ओढ बदलत असेल, तर हवा, टायर आणि ब्रेक यांचा दोष नसतो. वरचे स्ट्रट बेअरिंग (स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा एकत्र खांब), एखादा बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा जड झालेला असतो आणि स्टिअरिंग मध्यावर परत येत नाही.

अलाइनमेंटचा कागद कसा वाचावा

इथवरचे सर्व तपासून झाल्यावरच अलाइनमेंटकडे जावे, आणि तेही गाडीखालचे सांधे सैल नाहीत याची खात्री झाल्यानंतर. ढिल्या बॉल जॉइंटवर केलेले अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात बिघडते. यंत्रावरील कामाचा आधीचा आणि नंतरचा असा दोन्ही आकड्यांचा छापील कागद आग्रहाने मागून घ्यावा.

त्यावर तीन शब्द महत्त्वाचे असतात. वरून पाहिल्यास दोन चाकांची टोके आत वळलेली आहेत की बाहेर, हा टो. समोरून पाहिल्यास चाकाचा माथा आत कललेला आहे की बाहेर, हा कॅम्बर. बाजूने पाहिल्यास चाक ज्या रेषेभोवती वळते ती मागे किती झुकलेली आहे, हा कॅस्टर. पुढचा टो चुकला तर टायर झिजतात आणि स्टिअरिंग वाकडे होते, परंतु सतत एका बाजूची ओढ त्यातून क्वचितच निर्माण होते. ओढ येते ती दोन बाजूंच्या कॅम्बर किंवा कॅस्टरमधील फरकामुळे. ज्या बाजूच्या चाकाचा माथा अधिक बाहेर असतो त्या बाजूला, किंवा ज्या बाजूचा कॅस्टर कमी असतो त्या बाजूला गाडी जाते. दोन बाजूंमधला फरक सुमारे अर्ध्या अंशापेक्षा जास्त असेल तर विचारणा करावी. बऱ्याच लहान गाड्यांत पुढे केवळ टो बदलता येतो, कॅम्बर आणि कॅस्टर बदलण्याची सोयच नसते. अशा गाडीत ते आकडे मर्यादेबाहेर असतील तर 'सेट करून देतो' या आश्वासनाला अर्थ नसतो. लोअर आर्म (चाकाला चौकटीशी जोडणारा खालचा दांडा), स्ट्रट किंवा पुढची चौकट वाकलेली आहे, आणि वाकलेला भाग शोधणे हेच काम उरते.

मागच्या चाकांचे आकडेही पाहावेत. मागचा ॲक्सल गटाराच्या कठड्यावर आपटून किंचित वळला असेल, तर गाडी कुर्लीसारखी तिरकी चालते. पुढचे अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी स्टिअरिंग सरळ राहत नाही. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांत दुरुस्तीनंतर स्टिअरिंगच्या मध्यबिंदूची नोंद स्कॅनरने पुन्हा करावी लागू शकते, हेही विचारून घ्यावे.

आवाजाचा माग

आवाज शोधण्यापूर्वी डिकी पूर्ण रिकामी करावी. जॅक, पाना, स्टेपनी, पाण्याच्या बाटल्या, सीटखालच्या वस्तू, सर्व बाहेर काढावे. एकदा चवथीनंतर दोन आठवडे मी मागच्या शॉकअपचा आवाज शोधत होतो. तो माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या सजावटीसाठी, आणलेल्या घडातून सुटून स्टेपनीच्या खळग्यात पडलेल्या एका सुपारीचा निघाला. त्या दोन आठवड्यांत गाडी एकदा रॅम्पवरही चढली होती.

चालकाच्या कानावर फार विश्वास ठेवू नये. गाडीचा सांगाडा लोखंडी असल्याने आवाज एका ठिकाणी होतो आणि दुसरीकडे ऐकू येतो. एका माणसाला मागच्या सीटवर बसवावे आणि स्वतः काचा खाली करून ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने गावातल्या अशा रस्त्यावरून जावे, जिथे कडेला दगडी गडगा किंवा कुंपणाची भिंत आहे. भिंतीवर आदळून परत येणारा आवाज कोणत्या बाजूचा आहे हे चटकन समजते. जाताना भिंत डावीकडे असेल तर येताना ती उजवीकडे येते, त्यामुळे दोन्ही बाजूंची तुलना एकाच फेरीत होते.

त्यानंतर पुढील प्रयोग एकामागून एक करावेत. खडबडीत जागेवर आवाज येत असताना ब्रेकवर हलका पाय ठेवावा. आवाज त्या क्षणी थांबला तर तो ब्रेकचे पॅड किंवा कॅलिपर सैल असल्याचा आहे, सस्पेन्शनचा नाही. मग संपूर्ण रुंदीचा गतिरोधक असा ओलांडावा की दोन्ही चाके एकाच वेळी चढतील, आणि नंतर एकच चाक चढेल असा उंचवटा निवडावा. दोन्ही चाके एकत्र वरखाली होताना स्टॅबिलायझर बार, म्हणजे लिंक रॉडांद्वारे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, पिळला जात नाही. एकच चाक हलले की तो पिळतो. म्हणून एका चाकावर बारीक, कोरडी टकटक येते आणि दोन्हींवर ती कमी होते, असे आढळले तर लिंक रॉड किंवा त्या बारचे बुश संशयित ठरतात. लहान खड्ड्यांवर कमी वेगात येणाऱ्या खडखडीचे सर्वांत नेहमीचे आणि बहुधा सर्वांत स्वस्त कारण हेच असते, आणि शॉकअप विनाकारण बदलले जातात तेही बहुतेक याच आवाजामुळे. खात्री हवी असल्यास मेस्त्रीकडून दोन्ही बाजूंचे लिंक रॉड तात्पुरते काढून घेऊन तेवढाच रस्ता अगदी सावकाश चालवून पाहावा. एकाच बाजूचा काढून उपयोग नाही, आणि रॉड नसताना गाडी वळणावर अधिक झुकते हे ध्यानात ठेवावे.

ठक असा जड, एकेकटा आवाज ब्रेक लावताना किंवा रिव्हर्समधून पुढे जाताना येत असेल, तर लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला असू शकतो किंवा इंजिनचे माउंट, म्हणजे त्याला आधार देणारे रबर, बसलेले असू शकते. या दोहोंत फरक करण्यासाठी गाडी जागेवर उभी ठेवून, ब्रेक घट्ट दाबून, क्लच अर्धवट सोडत पुढे आणि मागे किंचित ताण द्यावा. इंजिन उसळताना दिसले तर माउंट तपासावे. बुश फाटलेली गाडी चालवताना ब्रेक लावला की थोडी ओढही जाणवते, कारण फाटका बुश चाकाला मागे सरकू देतो. लेखाच्या आरंभीच्या दोन तक्रारी इथे एकत्र येतात.

खोल खड्ड्यात किंवा फेरीबोटीच्या रॅम्पवरून धक्क्यावर चढताना बोनेटखालून गडद ठणका ऐकू येत असेल, तर स्ट्रटचे वरचे रबरी माउंट पाहावे. बोनेट उघडून, इंजिन बंद ठेवून, स्ट्रटच्या माथ्यावर हात ठेवावा आणि दुसऱ्या व्यक्तीला गाडीचा तो कोपरा वरखाली करायला सांगावे. झटका हाताला लागतो. त्याच जागी हात ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावल्यास, बिघडलेल्या बेअरिंगमुळे अडकून सुटणाऱ्या स्प्रिंगची टणत्कारासारखी उडी जाणवते. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू पुढे जाताना सलग कटकटकट असा आवाज येत असेल, तर तो सस्पेन्शनचा नसून बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे इंजिनची शक्ती चाकाला पोहोचवणाऱ्या सांध्याचा असतो. वेगाबरोबर वाढणारा घूं असा सूर चाकाच्या मध्यावरील हब बेअरिंगचा असतो. डाव्या वळणावर तो वाढत असेल तर उजवे बेअरिंग आधी तपासावे, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो.

चाक हलवून पाहणे

पुढचे चाक ठरलेल्या जागी जॅक लावून उचलावे, म्हणजे ते लोंबकळत राहील. घड्याळाची तबकडी कल्पून आधी तीन आणि नऊच्या जागी हात ठेवून चाक ढकलावे आणि ओढावे. तिथे खटका जाणवला तर टाय रॉडचे (स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या दांडीचे) टोक किंवा स्टिअरिंग रॅक सैल आहे. मग बारा आणि सहाच्या जागी तेच करावे. तिथला खटका बॉल जॉइंटचा असतो किंवा हब बेअरिंगचा. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. खटका नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. या चाचणीत टॉर्चच्या उजेडात सांध्यांवरचे रबरी बूटही पाहावेत. ते फाटले की आत तांबडी धूळ आणि पाणी शिरते, ग्रीसमध्ये मिसळून त्याची जणू पॉलिशपेपरची लापशी होते आणि सांधा पाहता पाहता झिजतो.

स्प्रिंगचे सर्वांत खालचे वेटोळेही याच वेळी नीट न्याहाळावे. किनाऱ्यालगतच्या गावांत तिथले रंगाचे कवच उडते, गंज चढतो आणि एखाद्या दिवशी शेवटचा तुकडा मोडतो. मोडलेले टोक टायराला लागू शकते.

शॉक ॲब्सॉर्बरविषयी थोडे सबुरीने घ्यावे. कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एक-दीड झोक्यात स्थिर व्हावी, ही प्रसिद्ध चाचणी फक्त पूर्ण निकामी झालेला शॉक पकडते. अर्धवट गेलेला तिच्यातून निसटतो. शॉकच्या अंगावर धुळीचा पातळ ओलसर थर असणे सर्वसाधारण आहे, पण तेल खाली ओघळलेले असेल तर तो संपला आहे. पावसातून आलेल्या गाडीत हे ठरवता येत नाही. फडक्याने पुसून दोन कोरड्या दिवसांनी पुन्हा पाहावे. बुशावरच्या बारीक वरवरच्या भेगा पाहून घाबरू नये, मात्र पहारीने हलका ताण दिल्यावर रबर आरपार उघडत असेल तर तो बदलावा.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉडमध्ये खटका, मोडलेली स्प्रिंग, किंवा टायरावर फुगवटा, यांपैकी काहीही आढळले तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये. ती टोइंग करून न्यावी. लिंक रॉड, कुरकुरणारा बुश किंवा माउंट यांसाठी सवडीने दिवस ठरवला तरी चालतो.

मेस्त्रीशी बोलताना आणि काम झाल्यावर

मेस्त्रीला निष्कर्ष सांगू नये, वहीतील नोंदी सांगाव्यात. 'शॉकअप बदला' असे म्हटले तर तो शॉकअप बदलेल, आणि त्यात त्याची चूक नाही. शक्य असेल तर त्याला शेजारी बसवून तो आवाज एकदा ऐकवावा. सुटा झालेला जुना भाग परत मागावा आणि तो हाताने हलवून पाहावा. गेलेला लिंक रॉड बोटांनीच हलतो.

दोन गोष्टी मात्र अगदी चांगल्या गॅरेजातही विसरल्या जातात, म्हणून त्या नम्रपणे पण स्पष्टपणे सांगाव्यात. लोअर आर्मच्या रबरी बुशाचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना शेवटचे आवळू नयेत. गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच ते आवळावेत, नाहीतर बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि काही महिन्यांतच फाटतो. आणि शॉक ॲब्सॉर्बर नेहमी एकाच ॲक्सलवरची जोडी बदलावी, एक नवा आणि एक जुना ठेवू नये. लोअर आर्म, स्ट्रट किंवा टाय रॉडचे टोक बदलल्यानंतर अलाइनमेंट करणे आवश्यकच असते. केवळ लिंक रॉड बदलला असेल तर त्याची गरज नसते.

चाकाचे नट आडव्या-उभ्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे, आणि माहितीपुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळून घ्यावेत. साधारण १०० किलोमीटर गाडी चालल्यावर ते एकदा पुन्हा तपासावेत. त्यानंतर वहीतल्या पहिल्या नोंदीचाच रस्ता, तोच वेग आणि शक्यतो दिवसाची तीच वेळ धरून गाडी चालवावी आणि निकाल त्याच पानावर, दुरुस्तीची तारीख आणि किलोमीटरचा आकडा यांसह लिहून ठेवावा.